नऊ आला तर? आधुनिक क्रीडा-कार्डांच्या ग्रेडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले बास्केटबॉल आणि बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे जमवू लागली आहेत, आणि ती कार्डे ग्रेडिंगसाठी पाठवायची की नाही, पाठवायची तर कोणाकडे, हा प्रश्न शेवटी शुल्क भरणाऱ्या आईवडिलांपर्यंत येऊन पोहोचतो. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रेडिंग करणारी कंपनी कार्ड अस्सल आहे का ते तपासते, त्याच्या स्थितीला १ ते १० यांपैकी एक अंक देते आणि ते कार्ड माहितीच्या लेबलसह टणक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून परत पाठवते. अशा बंद कार्डाला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात आणि मोकळ्या कार्डाला ‘रॉ’. पीएसए, बेकेट, एसजीसी आणि सीजीसी या अशा ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या आहेत. या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्याकडे बास्केटबॉलची प्रिझम आणि बेसबॉलची टॉप्स क्रोम या मालिकांची मिळून सुमारे २०० कार्डे आहेत आणि त्यांतली ३० कार्डे त्याला ग्रेडिंगला पाठवायची आहेत. त्याचे मित्र पीएसएशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. कार्ड-मेळ्यातील एका विक्रेत्याने एसजीसी स्वस्त आणि लवकर काम करणारी असल्याचे सांगितले. माझा मावसभाऊ म्हणतो की बेकेट चार वेगवेगळे गुण देते, म्हणून तीच खरी. शुल्क आम्हीच भरणार आहोत. कोणाकडे पाठवावे?
– एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मावसभावाचे, मुलाच्या मित्रांचे आणि त्या विक्रेत्याचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, कारण तिघेही वेगवेगळ्या हेतूंविषयी बोलत आहेत. म्हणून कंपनी निवडण्याआधी मुलाला एवढेच विचारा, की यांतले कोणते कार्ड तो विकणार आहे आणि कोणते आयुष्यभर ठेवणार आहे.

विकायचे असेल, तर आजच्या बाजारात पीएसएचे पारडे जड आहे हे मान्य करावे लागते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी या क्षेत्रात सर्वांत मोठी आहे. २०२४ या एकाच वर्षात तिने दीड कोटीहून अधिक कार्डे ग्रेड केली. तिच्या पट्टीवर १ ते १० पूर्ण अंक आहेत, ८.५ पर्यंत अर्धे अंकही आहेत, परंतु ९ आणि १० यांच्यामध्ये काहीही नाही. कोपऱ्यांना किती, कडांना किती असे वेगळे गुण ती देत नाही. एकच अंक हाती पडतो, आणि ९ आला तर तो नेमका कशामुळे आला हे कार्ड पुन्हा भिंगाखाली धरूनच शोधावे लागते. तरीही खरेदीदाराला तिच्या १० ची सवय झाली आहे, मागच्या विक्रीचे भाव सहज सापडतात, आणि त्यामुळे त्याच खेळाडूचे तेच कार्ड तिच्या पेटीत लवकर आणि बहुधा अधिक भावाने विकले जाते. एक गोष्ट मात्र आधी वाचून घ्यावी. पीएसएचे शुल्क कार्डाच्या घोषित किमतीनुसार टप्प्याटप्प्याने वाढते, आणि ग्रेड मिळाल्यावर कार्डाची किंमत आपण निवडलेल्या टप्प्याच्या मर्यादेबाहेर गेली, तर वरच्या टप्प्याचे शुल्क आकारले जाते. चांगली बातमी आणि वाढीव बिल एकाच दिवशी येऊ शकते.

बेकेटची ओळख आधी भावपत्रिकेमुळे झाली. संख्याशास्त्रज्ञ जेम्स बेकेट यांनी १९८४ मध्ये बेसबॉल कार्डांच्या भावांचे मासिक सुरू केले, आणि टेक्सासमधील या संस्थेची ग्रेडिंग सेवा १९९९ मध्ये आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे सेंटरिंग (छपाई कार्डावर किती मध्यभागी आहे ते), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार स्वतंत्र गुण, ज्यांना संग्राहक ‘सबग्रेड’ म्हणतात. एकूण अंक ही या चारांची साधी सरासरी नसते, सर्वांत कमी गुण एकूण अंकाला खाली ओढून धरतो. तीन ठिकाणी ९.५ आणि एका ठिकाणी ९ असेल तर एकूण ९.५ मिळतो, मात्र चारही ९.५ असलेल्या कार्डाला जाणकार त्याहून अधिक भाव देतात. त्याच्या वर सोनेरी लेबलचा १० आहे, आणि चारही गुण १० आले तर काळे लेबल मिळते. काळे लेबल अत्यंत दुर्मिळ आहे, त्यावर आशा ठेवून कार्डे पाठवू नयेत. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या कार्डात काय चांगले आहे आणि काय उणे आहे हे शिकायचे असेल, तर बेकेटचे चार आकडे त्याला जे सांगतील ते दुसऱ्या कोणाचा एकटा ९ सांगणार नाही. माझ्या मते बेकेटचे खरे मोल बाजारभावापेक्षा या शिकवणीत आहे.

एसजीसी १९९८ ची. पूर्वी ती १०० गुणांची पट्टी वापरत असे, २०१८ पासून १० वर आली. तिच्या पेटीतली काळी चौकट कार्डाला फार शोभून दिसते, आणि जुन्या कार्डांच्या संग्राहकांत तिचा मान मोठा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे १९५२ सालचे टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, ते एसजीसीच्याच पेटीत होते आणि त्याला ९.५ मिळालेला होता. आधुनिक कार्डांत मात्र तिच्या १० ला पीएसएच्या १० इतका भाव सहसा येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीने एसजीसी विकत घेतली, त्यामुळे या दोघींकडे एकमेकींच्या प्रतिस्पर्धी म्हणून पाहताना मालक एकच आहे हे ध्यानात असावे.

सीजीसी ही फ्लोरिडातील सॅरासोटा येथील. कॉमिक पुस्तकांच्या ग्रेडिंगमध्ये तिने २००० पासून नाव कमावले, क्रीडा-कार्डांसाठी २०२१ मध्ये सीएसजी या नावाने वेगळी शाखा काढली, आणि २०२३ मध्ये ती शाखा पुन्हा सीजीसीच्याच नावाखाली आणली. तिच्याकडे जेम मिंट १० आणि त्याच्याही वर प्रिस्टीन १० असे दोन दहा आहेत. पोकेमॉनसारख्या कार्डांत तिला मोठा ग्राहकवर्ग आहे, बास्केटबॉल-बेसबॉलमध्ये अजून तितका नाही.

आता ३० कार्डांच्या आकड्याकडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. आधुनिक कार्ड पाकिटातून निघताक्षणी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या आवरणात, जाते, ते कोणी सायकलच्या चाकात अडकवून फिरवत नाही. त्यामुळे नव्या कार्डांत १० ही विशेष गोष्ट राहिलेली नाही आणि ९ हा जवळजवळ नापासाचा शेरा झाला आहे. मुलाला कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडायला सांगा. उदाहरणादाखल समजा, एक कार्ड मोकळे विकले तर ४० डॉलर येतात, १० मिळाल्यास १२० आणि ९ मिळाल्यास ४५. शुल्क, दोन्ही वेळचे टपाल आणि विमा मिळून प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर खर्च येतो. म्हणजे १० आला तर ५० डॉलरचा लाभ आणि ९ आला तर २५ डॉलरचा तोटा. तीन कार्डांत एकाला १० आणि दोघांना ९ आला, तर लाभ आणि तोटा सारखाच होतो, हाती शून्य उरते, आणि विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन अजून द्यायचेच आहे. यात कोठेही ८ धरलेला नाही. म्हणून प्रत्येक कार्डापुढे ‘नऊ आला तर परवडेल का?’ हा प्रश्न लिहावा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते कार्ड १० चे असल्याची जवळजवळ खात्री असल्याशिवाय पाठवू नये.

ती खात्री कशी करावी, हेही सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक तेजस्वी दिवा आणि मिलिमीटरची पट्टी एवढे पुरते. प्रथम सेंटरिंग पाहावे. डावीकडची किनार ३ मिलिमीटर आणि उजवीकडची २ असेल, तर एकूण ५ पैकी ३ म्हणजे ६०–४०. पीएसएच्या १० साठी पूर्वी समोरच्या बाजूला साधारण इतके चालत असे, २०२५ मध्ये ती मर्यादा ५५–४५ केली गेली. दोन्ही किनारी मिळून ४ मिलिमीटर असतील, तर ५५–४५ म्हणजे २.२ आणि १.८, म्हणजे अवघ्या ०.४ मिलिमीटरचा फरक. इतका फरक नजरेने ओळखता येत नाही, मोजावाच लागतो. मागच्या बाजूला सवलत बरीच आहे, तिथे ७५–२५ पर्यंत चालते. त्यानंतर कार्ड दिव्याखाली तिरके धरून सावकाश फिरवावे. प्रिझम आणि क्रोम यांच्या चकचकीत पृष्ठभागावर छपाईच्या वेळी उमटलेल्या बारीक सरळ रेषा आणि सुईच्या टोकाएवढे खळगे असतात, आणि समोरून पाहताना ते अजिबात दिसत नाहीत. या कार्डांचा १० बहुधा याच ठिकाणी हुकतो. मी स्वतः एकदा एकाच खोक्यातून निघालेली २० कार्डे मोठ्या उत्साहाने पाठवली होती. त्यांतल्या १४ कार्डांना ९ मिळाला, आणि परत आल्यावर दिव्याखाली धरली तेव्हा प्रत्येकावर त्याच जागी तीच एक रेषा होती. दोष त्या खोक्यातल्या छपाईचा होता आणि तो घरीच दिसला असता.

कंपन्या आजवर कोणत्या कार्डाला किती वेळा कोणता अंक दिला याची नोंद जाहीर करतात, तिला ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’ किंवा नुसते ‘पॉप’ म्हणतात. एकूण नोंदींपैकी १० किती, हे प्रमाण त्यावरून काढता येते. परंतु ही नोंद लोकांनी निवडून पाठवलेल्या कार्डांची असते, पाकिटातून निघालेल्या सर्व कार्डांची नव्हे. नोंदीत ६० टक्के १० दिसले, तर आपल्या न निवडलेल्या कार्डांचे प्रमाण त्याहून कमीच राहील असे धरून चालावे. तसेच एखाद्या कार्डाचे १० फारच थोडे असतील, तर त्या छपाईतच काही दोष असण्याची शक्यता अधिक, आणि तो आपल्या कार्डातही असू शकतो.

एवढे सगळे केल्यावर ३० पैकी सहा-सात कार्डे उरतील असा माझा अंदाज आहे. त्यांतली विकायची ती पीएसएकडे पाठवावीत. मुलाच्या सर्वांत आवडत्या खेळाडूचे, कधीच न विकण्याचे एखादे कार्ड बेकेटकडे सबग्रेडसह पाठवावे. एसजीसी किंवा सीजीसीचे त्या दिवशीचे शुल्क बरेच कमी असेल आणि कार्ड केवळ सुरक्षित, देखणे राहावे एवढाच हेतू असेल, तर तिकडे पाठवण्यातही काही कमीपणा नाही. बाकीची कार्डे स्लीव्ह आणि टॉपलोडर या टणक प्लास्टिकच्या खोळीत तितकीच सुखरूप राहतात. पाठवताना मात्र टॉपलोडर वापरू नये. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये आणि मग अर्धवट लवचीक अशा ‘सेमी-रिजिड’ पाकिटात घालावे, म्हणजे ते बाहेर काढताना कोपरे घासले जात नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे एका बास्केटबॉलपटूचे पहिल्या वर्षाचे क्रोम कार्ड बेकेटच्या ९.५ मध्ये आहे. सबग्रेड असे आहेत : सेंटरिंग ९, बाकी तिन्ही ९.५. पीएसएच्या १० ला याच्या जवळजवळ दुप्पट भाव दिसतो. पेटी फोडून कार्ड पीएसएकडे पाठवावे का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : पेटी फोडण्याआधी सबग्रेड नीट वाचावेत, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. बेकेटचा ९.५ आणि पीएसएचा १० या दोन्हींना ‘जेम मिंट’ हेच नाव आहे, पण त्यांच्या कसोट्या सारख्या नाहीत. सेंटरिंगच्या बाबतीत बेकेट अधिक काटेकोर आहे. तिच्या १० साठी समोरची बाजू ५०–५० लागते आणि ९ साठी ५५–४५. म्हणजे ज्या सेंटरिंगला बेकेटने ९ दिला, ते पीएसएच्या १० च्या मर्यादेत बसू शकते. तुमच्या कार्डाचा कमी गुण नेमका सेंटरिंगचा आहे, ही अनुकूल गोष्ट आहे. हाच ९ पृष्ठभागाला किंवा कोपऱ्यांना असता, तर मी तुम्हाला थांबवले असते, कारण बेकेटच्या परीक्षकाला दिसलेली रेष पीएसएच्या परीक्षकालाही दिसण्याचीच शक्यता अधिक.

तरीही हातोडी घेऊन बसू नये. पेटी फोडली की बेकेटचा ९.५ संपला. पुढे ९ आला तर मागे फिरता येत नाही, शिवाय फोडताना प्लास्टिकचा तुकडा कार्डावर घासून गेल्याची उदाहरणे संग्राहकांत पुष्कळ ऐकायला मिळतात. त्यापेक्षा ‘क्रॉसओव्हर’ ही सेवा घ्यावी. यात कार्ड जुन्या पेटीतच पाठवायचे आणि किमान कोणता अंक हवा ते अर्जावर लिहायचे. तो अंक मिळणार नसेल तर पेटी न उघडता परत येते. शुल्क बहुधा जातेच, पण ९.५ हातात राहतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेटीच्या आतून पाहताना परीक्षक शंकेचा फायदा देत नाहीत अशी अनेक संग्राहकांची तक्रार असते आणि ती मला पटण्यासारखी वाटते, कारण दोन थर प्लास्टिकमधून पृष्ठभाग स्वच्छ दिसतच नाही. परंतु दुप्पट भावाच्या आशेने हातचा ९.५ घालवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आणखी एक. आज दिसणारा भाव कार्ड परत येईपर्यंत टिकेल असे गृहीत धरू नये. जानेवारी २०२१ मध्ये मायकेल जॉर्डन यांच्या १९८६ च्या फ्लीअर कार्डाच्या पीएसए १० मधील दोन प्रती प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला विकल्या गेल्या, आणि काही महिन्यांतच तोच अंक, तेच कार्ड निम्म्याहूनही कमी भावाला मिळू लागले. त्याच वर्षी ३० मार्चला कार्डांच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या पीएसएला आपल्या बहुतेक सेवा तात्पुरत्या बंद कराव्या लागल्या होत्या. ज्यांची कार्डे त्या वेळी आत अडकली होती, त्यांच्यापैकी अनेकांना ती परत मिळाली तेव्हा बाजार उतरलेला होता. कंपनीने सांगितलेला कालावधी हा अंदाज असतो, वचन नव्हे, आणि चालू हंगामातील खेळाडूच्या कार्डासाठी दोन महिनेही फार असतात. गुडघ्याची एक दुखापत भाव खाली आणायला पुरते.

प्रश्न : मी पुण्यात असतो. आयपीएलच्या सुरुवातीच्या वर्षांतली टॉप्स क्रिकेट अटॅक्सची बरीच कार्डे माझ्याकडे लहानपणापासून जपलेली आहेत. ती अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ आहे का? आणि ऑनलाइन एखादा तयार स्लॅब विकत घ्यायचा झाल्यास तो खरा आहे हे कसे ओळखावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : क्रिकेट अटॅक्स हा मुळात मुलांनी खेळण्याचा पत्त्यांचा खेळ होता. ती कार्डे मोठ्या संख्येने छापली गेली आणि हाताळलीही गेली. ज्यांची कोरी राहिली असतील त्यांनी ती नक्कीच सांभाळावीत, पण बहुतेक साध्या कार्डांच्या बाबतीत अमेरिकेला जाण्यायेण्याचा खर्च कार्डाच्या किमतीपेक्षा अधिक होईल. एखाद्या मोठ्या खेळाडूचे विशेष, चमकदार कार्ड खरोखरच निष्कलंक असेल तर विचार करावा, आणि तेही स्वतंत्र कुरियरने न पाठवता कोणी नातेवाईक जाणार असेल तर त्यांच्याबरोबर देऊन तिकडच्या पत्त्यावरून पाठवावे. स्वतंत्रपणे पाठवायचे झाल्यास वस्तू तपासणीसाठी जाऊन परत येणार असल्याची नोंद जाण्याच्या कागदपत्रांतच करून घ्यावी, कार्डांची छायाचित्रे आणि शुल्काची पावती जवळ ठेवावी. तसे न केल्यास परत येताना आपल्याच कार्डावर सीमाशुल्काचा वाद उभा राहू शकतो.

ग्रेडिंगची पट्टी खेळानुसार बदलत नाही, क्रिकेटच्या कार्डाला तेच निकष लागतात. खरेदीदार मात्र बदलतात. पॉप नोंदीत एखाद्या क्रिकेट कार्डाचे केवळ तीन १० दिसले तर ते दुर्मिळ आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाठवणारेच तीन-चार असतील, तर आकडा लहानच राहणार.

स्लॅब विकत घेताना लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावर नव्हे. क्रमांक सापडला म्हणून थांबू नये, कारण बनावट लेबलवर खरा क्रमांक छापता येतो. कंपनीने कार्डाचे छायाचित्र नोंदीसोबत ठेवले असेल, तर किनारींची जाडी, छपाईतले ठिपके आणि अनुक्रमांक असलेल्या कार्डावरचा तो अंक जुळवून पाहावा. पेटीच्या कडेला पांढुरके डाग, तडे किंवा डिंकाच्या खुणा दिसल्यास ती उघडून पुन्हा चिकटवलेली असू शकते. विक्रेता पेटीच्या चारही कडांची स्पष्ट छायाचित्रे द्यायला तयार नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

प्रश्न : जर्सीचा तुकडा बसवलेले आणि स्वाक्षरी असलेले जाड कार्ड असेल तर निवड बदलते का?
– एक वाचक, टोरंटो

उत्तर : होय, बदलते. अशा कार्डांसाठी मी बेकेटला पुष्कळदा पहिली पसंती देतो. स्वाक्षरीला वेगळा अंक देण्याची तिची पद्धत खरेदीदारांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि जाड कार्डे तिच्या पेटीत आतल्या स्लीव्हसह नीट बसतात. पीएसएही स्वाक्षरीला वेगळा अंक देते, मात्र अर्जात तो पर्याय आपण निवडला आहे ना, हे पाहून घ्यावे. जाड कार्डांचे थर कडेला दिसत असल्यामुळे त्यांची किनार लवकर झिजते आणि १० क्वचितच येतो. पण अंक जितका खाली येतो तितका भाव या कार्डांत पडत नाही, कारण मूळ संख्याच थोडी असते. बेसबॉलपटू माइक ट्राउट यांचे २००९ चे बोमन क्रोम सुपरफ्रॅक्टर हे एकुलते एक स्वाक्षरीचे कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे ३९ लाख डॉलरला विकले गेले, तेव्हा बेकेटचा कार्डाला दिलेला अंक ९ होता आणि स्वाक्षरीला १०. जगात दुसरी प्रतच नसेल तर अर्ध्या अंकासाठी कोणी अडून बसत नाही. स्वाक्षरी फिकट, तुटक किंवा पसरलेली असेल तर मात्र तिचा कमी अंक लेबलवर कायमचा राहतो. अशा वेळी स्वाक्षरीचा अंक न मागता केवळ ती अस्सल असल्याची नोंद घ्यावी.

प्रश्न : मुलाने आमच्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढलेले कार्ड ‘कडा कापल्याचा पुरावा’ असा शेरा मारून अंक न देता परत आले. आम्ही कार्डाला हातही लावलेला नाही. मुलगा फार दुखावला आहे. हे कसे शक्य आहे?
– एक वाचिका, प्लेनो, टेक्सास

उत्तर : मुलाने काही गैर केलेले नाही हे त्याला सर्वांत आधी सांगा, आणि मी ते सांगितले आहे असेही सांगा. कार्डाचे प्रमाण माप अडीच इंच गुणिले साडेतीन इंच असते, परंतु मोठ्या तावातून कार्डे कापताना कारखान्यातच काही कार्डे किंचित लहान कापली जातात. पाते बोथट झाले असेल तर कडेचा पोतही वेगळा दिसतो. परीक्षकाच्या हातात मोजक्याच वेळात ते कार्ड येते आणि ते पाकिटातून निघताना त्याने पाहिलेले नसते. लहान माप आणि वेगळी कड दिसली की झिजलेली कड लपवण्यासाठी ती कापली असावी, असा तो संशयाचा शेरा मारतो. केवळ माप कमी असेल तर त्यासाठी वेगळा शेरा आहे, म्हणून परत आलेल्या कागदावर नेमका कोणता शब्दप्रयोग आहे तो पुन्हा वाचा.

परीक्षक इतके साशंक का असतात, याला इतिहास आहे आणि तो मुलालाही सांगण्यासारखा आहे. पीएसएने अगदी पहिल्यांदा ग्रेड केलेले कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे १९०९ ते १९११ या काळातले तंबाखूच्या पाकिटातून निघालेले प्रसिद्ध कार्ड. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले आणि पीएसएने त्याला ८ दिला. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकले गेले. पुढे २०१३ मध्ये, ते कार्ड पूर्वी विकणारे लिलाव-व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की त्यांनीच त्याच्या कडा कापल्या होत्या. पीएसएने तपासलेल्या पहिल्याच कार्डाची ही गत असल्यावर परीक्षक कडांकडे अधिक संशयाने पाहणारच, आणि त्यात कधी तुमच्या मुलासारखा निरपराधही सापडतो.

आता काय करावे? त्याच संचातील त्याच खोक्यातून निघालेली आणखी दोन-तीन साधी कार्डे घेऊन ती या कार्डाला पाठ टेकवून उभी धरावीत आणि उंची-रुंदी ताडून पाहावी. तीही तितकीच लहान असतील, तर दोष कारखान्याचा आहे याचा चांगला आधार मिळतो. त्या साऱ्यांची छायाचित्रे काढून कंपनीच्या ग्राहकसेवेला पत्र लिहावे आणि फेरतपासणीची विनंती करावी. दुसऱ्या कंपनीकडे पाठवण्यासही हरकत नाही, वेगळ्या परीक्षकाचे मत वेगळे पडू शकते. परंतु हे कार्ड पुढे मोकळे विकायचे ठरले, तर आलेला शेरा खरेदीदाराला आधी दाखवावा आणि आपली बाजूही सांगावी. मापाची ती छायाचित्रे त्या वेळी उपयोगी पडतील, म्हणून आजच तारखेसह जपून ठेवावीत.